झाकणासकट

आधी झाकण बघायचं.
डबे काय, कुणीही विकतं. चर्चच्या जुन्या बाजारात
दहा क्रोनरला तीन मिळतात,
पण झाकणं असतात कुठल्यातरी चौथ्याच डब्याची
आणि तो डबा मागच्याच आठवड्यात गेलेला असतो.
इंगर-लीस गल्ल्यावरून म्हणाली, "ने तसाच, रबर लाव."
रबर लावलं.
बंदराच्या वळणावर, बसमध्ये, ते तुटलं
आणि अकराशे ठोकळे
(आस्गर म्हणतो चौदाशे)
लोकांच्या बुटांखाली घरंगळले.
एका म्हाताऱ्याने छत्रीच्या टोकाने
एकेक आमच्याकडे ढकलला, न बोलता, शेवटपर्यंत.
ड्रायव्हर थांबून राहिला. एस्बियर्गची बस
एरवी माणसासाठीही थांबत नाही.

दर शुक्रवारी असं जायचं असतं.
एक आठवडा माझ्याकडे, एक प्रेबेनकडे.
मुलगा, दप्तर, ठोकळे.
ब्रश दोन घेतले, चपला दोन जोड घेतल्या,
हे मात्र दोन कसे घेणार?
आठ वर्षांचा साठा आहे. काहींवर
त्याच्या दुधाच्या दातांच्या खुणा आहेत.

मग कँटीनमधल्या मोगेन्सने विचारलं, बादल्या हव्यात का?
हेरिंगच्या. पाच लिटरच्या, पांढऱ्या,
झाकण असं घट्ट की उघडताना नख जातं.
फुकट. फक्त मागच्या दाराने न्यायच्या.
सोडा घालून तीनदा धुतल्या,
बाल्कनीत समुद्राच्या वाऱ्याला उलट्या टांगल्या,
तरी तळाला व्हिनेगर आणि तमालपत्र उरलंच.
आता आमच्या किल्ल्याचा राजा
आंबट वासाच्या दरबारात बसतो
आणि शेजारणीचं मांजर वेशीवर येऊन थांबतं.

पहिल्यांदा मी रंगांप्रमाणे लावले.
काय देखणं दिसलं! फोटो काढला, बहिणीला पाठवला.
आस्गर काळ्या बादलीत हात घालून
पाऊण तास एक काळी बिजागरी शोधत बसला.
"आई, काळ्यात काळं दिसतं का?"
सगळं पुन्हा चादरीवर ओतलं.
आता आकाराप्रमाणे: लांबोडके, चपटे, उतरते,
चाकं, दारं, दांडे.
रंग मिसळू देत. लालात निळा पटकन डोळ्यात भरतो.
रात्रीचा एक वाजला. कामावर सहाला जायचं होतं.
फाइलेटच्या पट्ट्यावर दिवसभर माझे हात
मासे आकाराप्रमाणे लावत होते
आणि मुकादम म्हणाला, आज चपळ आहेस.

प्रेबेनने कपाट घेतलं.
चौसष्ट खण, पारदर्शक, प्रत्येकावर छापील चिठ्ठी.
किंमत मी विचारली नव्हती. त्याने सांगितली.
दोन आठवड्यांनी मी सहज म्हणावं तसं म्हटलं,
कपाट भरलं का रे?
"नऊ खण भरलेत."
बाकीचे?
"तिथे भरायचे, मग शुक्रवारी परत काढायचे.
कोण करत बसणार?"
बादलीतून खातो तसा खेळतो म्हणे तो तिथे,
कपाटासमोर फतकल मारून.
मला बरं वाटलं. अगदी भांडं घासून होईपर्यंत बरं वाटलं.
मग ते पंचावन्न रिकामे खण डोळ्यांपुढे आले,
आणि छापील चिठ्ठ्या लावत रात्री एकटा बसलेला प्रेबेन,
ज्याला घरात कधी कात्री सापडली नाही.

सहावी बादली बेनामी आहे.
कशातच न बसणारे त्यात.
टायर नसलेलं चाक, अर्धं फाटक,
शर्टाचं एक बटण, कुणाच्या शर्टाचं कोण जाणे,
आणि एक करडी वस्तू जी ठोकळा नाहीच बहुधा,
पण टाकायची दोघांचीही तयारी नाही.
पैज लावते, कुणाच्याही घरी जा,
पहिली हीच भरते.

उद्या शुक्रवार.
आस्गर झोपलाय. सातवी मागायला हवी मोगेन्सकडे.
झाकण ठेवलं, तळहात टेकला,
कडेकडेने दाबत फिरवत नेला.
टक्.
थोडं पुढे, टक्.
एका जागी काहीतरी आडवं येतंय आतून.
परत उघडते.